कार्ड तेच, भेट दुसरी

स्मार्टकार्ड रीडरसाठी लिनक्सचा ड्रायव्हर लिहितोय. प्रोग्रामांनी त्याला करायचे चार कॉल ठरवायचे, ते जिथे नोंदवतात ती हेडर फाइल एकदाची गोठवायची आणि मोकळं व्हायचं, असा बेत होता. त्या फाइलची सध्या सातवी आवृत्ती चालू आहे.

रीडर यूएसबीचा असता तर कर्नलच्या, म्हणजे ऑपरेटिंग सिस्टिमच्या गाभ्याच्या, वाटेला जावंच लागलं नसतं. लिनक्सवर तसले रीडर पीसीएससीडी हा प्रोग्राम युजरस्पेसमधूनच, म्हणजे कर्नलबाहेरूनच, सांभाळतो. आमचा रीडर बोर्डावरच्या चिपला थेट जोडलेला, त्यामुळे ड्रायव्हर लिहिणं आलं.

सुरुवात साध्या रीड-राइटने केली. कमांड लिहा, उत्तर वाचा. एक संथ कार्ड आलं आणि हे सगळं कोसळलं. टी-शून्य या कार्ड आणि रीडरमधल्या संवादाच्या प्रोटोकॉलमध्ये कार्डाला वेळ हवा असेल तर ते हेक्समधला ६० हा बाइट पाठवतं, म्हणजे ‘थांब, करतोय’. माझा ड्रायव्हर तो बाइट उत्तर समजून वर ढकलत होता. तेव्हा ठरवलं, घड्याळाशी संबंध असलेलं सगळं कर्नलमध्ये आणि अर्थाशी संबंध असलेलं बाहेर. रीसेटची तार वर गेल्यावर ४०० ते ४०,००० क्लॉक सायकलमध्ये एटीआर, म्हणजे रीसेटला कार्डाने दिलेलं ओळखीचं उत्तर, सुरू व्हायला हवा. ही मोजणी युजरस्पेसवर कोण सोपवणार? पण पिन बरोबर की चूक, हे ड्रायव्हरला कळायचं काहीच कारण नाही.

खरा घोळ वेगळाच निघाला. चाचणी करताना मी दोन कॉलच्या मधे कार्ड काढून परत खोचलं. पोल करणाऱ्या, म्हणजे थोड्या थोड्या वेळाने विचारत राहणाऱ्या, प्रोग्रामने दोन्ही वेळा ‘कार्ड आहे’ एवढंच पाहिलं. एटीआरही तोच. पण वीज तुटल्यावर कार्ड तपासलेली पिन विसरलेलं, आणि प्रोग्राम आपला जुन्याच भरवशावर पुढे निघालेला! ‘कार्ड आहे का’ हा प्रश्नच चुकीचा होता. ‘मघाचंच सत्र चालू आहे का’ असं विचारायला हवं होतं. आता कार्डाची वीज गेली किंवा रीसेट झाला की ६४ बिटी सत्र-क्रमांक वाढतो. प्रत्येक कॉलसोबत तो द्यायचा. जुना दिलात तर कार्डाला हात न लावता एरर परत.

त्या क्रमांकानेही आपला हिसका दाखवलाच. एटीआर जास्तीत जास्त ३३ बाइटांचा, म्हणून कॉलसोबत जाणाऱ्या माहितीच्या साच्यात, म्हणजे स्ट्रक्चरमध्ये, ३३ बाइटांचा ॲरे आणि त्याखाली हा क्रमांक. एक्स८६ प्रोसेसरवर ३२ बिटी प्रोग्रामने तो चारच्या पटीतल्या ३६व्या बाइटपासून ठेवला, ६४ बिटी कर्नलने आठच्या पटीतल्या ४०व्यापासून. एकाच्या मते स्ट्रक्चर ४४ बाइटांचं, दुसऱ्याच्या मते ४८. ड्रायव्हरला करायच्या अशा कॉलच्या, म्हणजे आयओसीटीएलच्या, नंबरातच स्ट्रक्चरचा आकार गुंफलेला असतो, त्यामुळे कर्नलला कॉलच ओळखू येईना. उत्तर काय, तर ‘ईनॉटटीटीवाय’ हा एरर. शब्दशः, टाइपरायटर नाही म्हणे! नसेल, पण मी दुपारभर वायरिंग तपासत बसलो.

आता ॲरेखाली सात बाइट मीच उघडपणे राखून ठेवले आहेत, म्हणजे क्रमांक दोघांकडेही ४०व्यापासूनच सुरू होतो, आणि ते बाइट शून्य नसतील तर कर्नल कॉल नाकारतो. उद्या त्यांना काही अर्थ द्यायचा झाला तर आज कुणी त्यात कचरा भरून चालणार नाही.

दोन प्रोग्रामांनी एकदम डिव्हाइस उघडलं तर काय, हे अजून ठरत नाहीये. एकाने पिन द्यायची आणि दुसऱ्याने त्या जिवावर सही करून घ्यायची, हे नको. तूर्त दुसऱ्याला ‘ईबिझी’, म्हणजे डिव्हाइस व्यस्त, हा एरर देऊन परत पाठवतोय.