गाठ अर्धीच राहिली तेव्हा

मागच्या रविवारी नागफणीच्या कड्यावर मी पहिल्या होल्डला, म्हणजे खडकातल्या पकडीला, हात घातला आणि बिलेवर असलेल्या, म्हणजे खालून माझा रोप सांभाळणाऱ्या, मैत्रिणीने मला मागे ओढलं. "थांब गं, गाठ बघ आधी." दोर, म्हणजे रोप, कमरेच्या हार्नेसमधून ओवलेला, पण फिगर एट ही आठच्या आकड्यासारखी गाठ पूर्ण केलीच नव्हती. मध्येच कुणीतरी चॉक बॅग मागितली, ती काढून दिली आणि हात पुन्हा गाठीकडे गेलाच नाही. बारा वर्षं चढतेय मी!

घरी आल्यावर अमेरिकन क्लाइंबर लिन हिलचं आत्मचरित्र पुन्हा उघडलं. मे 1989 मध्ये फ्रान्समधल्या ब्यूक्सच्या कड्यावर तिचंही असंच झालं होतं. रोप ओवला, मग ती बूट घालायला गेली, गाठ राहिली. अंगात जॅकेट, त्यामुळे कमरेपाशी काय आहे ते दिसेना. तशीच ती वरपर्यंत चढली. उतरायला रोपवर भार टाकला आणि रोप सरकन निसटला. साधारण 22 मीटर. वाटेत झाडाच्या फांद्या लागल्या म्हणून जीव वाचला. कोपर निखळलं, पाऊल मोडलं. तेव्हा ती जगातल्या अव्वल क्लाइंबर्सपैकी एक होती. आपल्याकडे नवशिक्यांची गाठ हटकून तपासतात, जुन्यांची तपासायला मात्र संकोचतात.

चार वर्षांनी, 1993 मध्ये, योसेमिटीतल्या एल कॅपिटन या कड्यावरचा ‘नोज’ हा मार्ग तिने फ्री केला. म्हणजे रोप फक्त आपण पडलो तर झेलायला, चढायचं ते हातापायांवरच. सुमारे 900 मीटर ग्रॅनाइट, आणि तिच्याआधी ते कुणालाच जमलं नव्हतं, ना बाईला ना पुरुषाला. पुढच्या वर्षी तोच मार्ग 23 तासांत. उंची पाच फूट दोन इंच! या मार्गातल्या चेंजिंग कॉर्नर्स या पिचवर, म्हणजे टप्प्यावर, धरायला जवळपास काहीच नाही. तिथे ती दोन भिंतींच्या बेचक्यात तळवे, कोपरं, पाठ दाबून धरत अख्खं अंग वळवते. मीही बुटकी. लांबचा होल्ड हाताला आला नाही की मला तेच आठवतं, आणि मी पाय आणखी वर घेते.

आता गाठ बांधताना मी कुणाशी बोलत नाही. बांधून झाली की गाठीतल्या रोपच्या पदरांच्या पाच जोड्या बोटाने मोजते.

काल क्लाइंबिंगच्या कृत्रिम वॉलवर एका सोळा वर्षांच्या मुलाने चाचरत विचारलं, "ताई, तुमची गाठ बघू?" मी टी-शर्ट वर धरला आणि त्याला सावकाश मोजू दिलं.