सर्व्हरच नाही, मग डाऊन काय झालं?

दुपारी एकला प्रवेशाची पहिली गुणवत्ता यादी लागली आणि थोड्याच वेळात संस्थेच्या संचालकांचा फोन आला. "मॅडम, आपण सर्व्हरलेस घेतलंय ना? मग सर्व्हर डाऊन कसा?"

प्रश्न रास्त होता. सर्व्हरलेस म्हणजे सर्व्हर असतातच, पण ते क्लाउड कंपनी सांभाळते. पोर्टल बांधणाऱ्या कंपनीने त्यांना सांगितलं होतं की कितीही गर्दी झाली तरी यंत्रणा आपोआप वाढेल. देखरेख नुकतीच आमच्या टीमकडे आली होती. तिकडे मुलं आणि पालक आपला नंबर लागला की नाही हे पाहायला ताटकळले होते, आणि त्यांना कोरं पान दिसत होतं.

टीममध्ये पहिला संशय कोल्ड स्टार्टवर, म्हणजे फंक्शनची नवी प्रत सुरू व्हायला लागणाऱ्या वेळावर गेला. फंक्शन म्हणजे विनंती आली की चालणारा कोडचा छोटा तुकडा. पण लॅम्डाचे, म्हणजे ही फंक्शन्स चालवणाऱ्या ॲमेझॉनच्या सेवेचे लॉग उघडल्यावर दिसलं की फंक्शन्स पटापट सुरू होत होती. ओळीमागून ओळ एकच तक्रार होती: 'सॉरी, टू मेनी क्लायंट्स ऑलरेडी'. हे पोस्टग्रेस या डेटाबेसचं वाक्य: आणखी कनेक्शन घेता येत नाही. डेटाबेस एका साध्या व्हर्च्युअल मशिनवर होता आणि कनेक्शनची मर्यादा मूळचीच, १००.

लॅम्डा फंक्शनची एक प्रत एका वेळी एकच विनंती हाताळते. शेकडो विनंत्या एकदम आल्या की शेकडो प्रती उभ्या राहतात आणि इथे प्रत्येक प्रत स्वतःचं कनेक्शन उघडत होती. त्याहून वाईट गोष्ट डेटाबेसमध्ये दिसली. बहुतेक कनेक्शनं 'आयडल', म्हणजे उघडी पण बिनकामाची होती, प्रोसेसर जवळजवळ रिकामा! काम झालेली प्रत लगेच नष्ट होत नाही, पुढच्या विनंतीसाठी गोठवून ठेवली जाते आणि तिचं कनेक्शनही तसंच अडकून राहतं. नव्या प्रती मात्र बाहेर थांबून पुन्हा पुन्हा दार ठोठावत होत्या. त्या थांबण्याचंही बिल मिलिसेकंदाच्या हिशेबाने लागत होतं.

संस्थेच्या आयटी विभागाची सूचना आली: लॅम्डाची १,००० प्रतींची मर्यादा वाढवून घ्या. मी ठाम नकार दिला. संचालकांना सांगितलं, "सर, पंगतीत वाढपी भरपूर आहेत, पण स्वयंपाकघराचं दार एकच आहे. आणखी वाढपी आणून काय होणार?" आम्ही उलट त्या फंक्शनची मर्यादा ८० वर आणली आणि आयडल कनेक्शनं तोडली. तुटलेलं कनेक्शन ओळखून नवं उघडायची सोय कोडमध्ये होती, हे नशीब. काही जणांना 'थोड्या वेळाने प्रयत्न करा' असं दिसू लागलं, पण बाकीच्यांना यादी दिसायला लागली. अर्धवट का होईना, खरं उत्तर मिळणं मला त्या क्षणी फार मोलाचं वाटलं.

संध्याकाळी फंक्शन्स आणि डेटाबेसच्या मध्ये पीजीबाउन्सर नावाचा मध्यस्थ प्रोग्राम बसवला. तो फंक्शन्सची शेकडो कनेक्शनं स्वतःकडे धरतो आणि डेटाबेसकडे मोजकीच नेतो. डेटाबेसमधला एक व्यवहार (ट्रान्झॅक्शन) संपला की तेच कनेक्शन दुसऱ्याला.

मग संचालकांसोबत बिल पाहायला बसलो. 'वापर नाही तर पैसे नाहीत' हेही त्यांनी ऐकलं होतं. फंक्शनपुरतं ते खरं आहे. डेटाबेसचं मशिन आणि नॅट गेटवे (खासगी नेटवर्कमधून इंटरनेटकडे जायची वाट) मात्र कोणी पोर्टल उघडो न उघडो, तासावर पैसे घेतात. ते चिडले नाहीत, लिहून घेत राहिले. पुढच्या निविदेच्या मसुद्यात त्यांनी स्वतःच्या हाताने एक अट घातली: यादी लागण्याआधी डेटाबेससकट संपूर्ण पोर्टलची लोड चाचणी, म्हणजे मुद्दाम गर्दी आणून तपासणी, करून दाखवावी.