तेलगळती आणि टूनाचे हृदय

२० एप्रिल २०१० रोजी मेक्सिकोच्या आखातात डीपवॉटर होरायझन या तेलफलाटावर स्फोट झाला, ११ कामगार मृत्युमुखी पडले आणि पुढचे ८७ दिवस समुद्रतळातून कच्चे तेल वाहत राहिले. वसंतातला हा काळ त्या आखातात ब्लूफिन टूनाचा, म्हणजे आपल्याकडच्या कुप्याच्या मोठ्या भाऊबंदाचा, अंडी घालण्याचा असतो.

स्टॅनफर्ड विद्यापीठाच्या बार्बरा ब्लॉक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१४ साली ‘सायन्स’ नियतकालिकात मांडलेले काम मला फार मोलाचे वाटते, कारण त्यांनी टूनाच्या हृदयातील स्नायुपेशी सुट्या करून त्यांच्यावर या तेलाचा परिणाम थेट मोजला. प्रत्येक ठोक्याला पेशीत आधी विद्युतलहर उठते, तिच्यामुळे कॅल्शियम आत येते व पेशी आकुंचन पावते. मग पोटॅशियम बाहेर पडले की विद्युतस्थिती पूर्ववत होते. तेलाने पोटॅशियमची ही वाट अडवली, त्यामुळे पेशीला सावरायला अधिक वेळ लागू लागला आणि लय बिघडण्याचा धोका निर्माण झाला. शिवाय कॅल्शियमची ये-जा मंदावल्याने आकुंचनाचे बळही घटण्याची शक्यता दिसली. पेशी मरत नव्हती, तिचे काम बिघडत होते, आणि हा फरक मला सर्वांत महत्त्वाचा वाटतो. अलास्कातील एक्सॉन वाल्डेझ या तेलवाहू जहाजाच्या १९८९ च्या गळतीनंतर हेरिंग व गुलाबी सामन या माशांवर झालेल्या प्रयोगांत, भ्रूणावस्थेत अत्यल्प तेलाचा संसर्ग झालेली पिल्ले जगली, पण त्यांच्या हृदयाची घडण बदलली आणि पोहण्याची क्षमता कमी झाली. मेलेल्या माशांची मोजदाद करून नुकसान ठरवणारा पंचनामा म्हणूनच मला अपुरा वाटतो.

पुढे २०१७ साली याच संशोधकांनी तेलातील फिनॅन्थ्रीन हा तीन कड्यांचा हायड्रोकार्बन या बिघाडाचा प्रमुख कर्ता असल्याचे दाखवले. फिनॅन्थ्रीन डिझेलच्या आणि लाकडाच्या धुरातही असते, आणि पोटॅशियमची तीच वाट माणसाच्या हृदयातही आहे; टर्फेनाडीन हे ॲलर्जीवरचे औषध ती अडवते म्हणूनच १९९० च्या दशकात अमेरिकेच्या बाजारातून गेले. माशावरून माणसाबद्दल सरळ निष्कर्ष काढता येत नाही, हे खरे आहे. तरीही नव्या औषधाला बाजारात येण्यापूर्वी या वाटेवरील परिणामाची चाचणी द्यावी लागते, तर रोज श्वासातून आत जाणाऱ्या धुरातील घटकांचीही त्याच कसोटीवर तपासणी व्हायला हवी, असे मला मनापासून वाटते.