घाम, पाऊस आणि सायकलवरचे कपडे

घरातून निघताना थोडी थंडी वाजत नसेल, तर अंगावर एक कपडा जास्त झाला आहे, असे मी आता समजते. हे उमगायला मला दोन हिवाळे लागले. पुण्यात जानेवारीच्या पहाटे पारा दहा-अकरा अंशांवर उतरतो, आमच्या कोथरूडच्या गल्लीत वॉचमनची शेकोटी पेटलेली असते, आणि अशा वेळी मी सुती टी-शर्ट, त्यावर स्वेटर, त्यावर जुने जॅकेट आणि कानटोपी असा सगळा जामानिमा करून खडकवासल्याच्या दिशेने निघत असे. नांदेड फाटा येईपर्यंत अंग घामाने चिंब होई, आणि चौपाटीवर चहासाठी थांबले की पाचव्या मिनिटाला दात वाजू लागत. थंडी बाहेर नव्हतीच; ती मीच अंगात भरून घेत होते.

कारण साधे आहे. पायडल मारताना स्नायू जेवढी ऊर्जा खर्च करतात, तिच्यातली जेमतेम एक चतुर्थांश चाकापर्यंत पोहोचते आणि उरलेली उष्णता होऊन अंगात राहते. शरीर ती घामावाटे बाहेर टाकते. एक लिटर घाम त्वचेवरून पुरता वाळला, तर तो सुमारे ५८० किलोकॅलरी उष्णता घेऊन जातो. सुती कपडा हा घाम पिऊन धरून ठेवतो, आणि पाणी हवेच्या जवळपास पंचवीसपट वेगाने उष्णता वाहून नेत असल्यामुळे पाय थांबले की तोच ओला टी-शर्ट अंगातली ऊब ओढून घेऊ लागतो. म्हणून अंगालगतचा कपडा पॉलिएस्टरचा किंवा बारीक लोकरीचा, अंगाबरोबर बसणारा असावा, आणि वरचा कपडा झिप ओढून चालत्या सायकलवर उघडता येईल असा असावा. स्वेटरला मी सायकलवरून कायमची रजा दिली आहे, कारण त्यातून वारा आरपार जातो आणि तो काढून ठेवायला जागाही नसते. त्याऐवजी बिनबाह्यांची पातळ विंडचीटर छातीपुरता वारा अडवते आणि घडी केली की मुठीएवढी होऊन जर्सीच्या मागच्या खिशात जाते. हातांसाठी वेगळ्या, चढवता-उतरवता येणाऱ्या बाह्या मिळतात. सूर्य वर आला की मी त्या मनगटापर्यंत खाली सारते.

खरी परीक्षा उताराची. दहा अंशांची हवा ताशी चाळीस किलोमीटरच्या वाऱ्यात अंगाला सहा अंशांसारखी लागते, आणि घाटाच्या उतारावर हा वेग काहीही न करता मिळतो. सिंहगडावर पहिल्यांदा सायकल नेली, तेव्हा मी विंडचीटर घरी विसरले होते. चढताना त्याचे काहीच वाटले नाही, कारण शेवटच्या वळणांवर घाम हनुवटीवरून हँडलवर ठिबकत होता. वर मडक्यातले दही खाताना मात्र मी कुडकुडू लागले, तेव्हा दही विकणाऱ्या आजींनी भाकरीच्या टोपलीखालचा जुना पेपर काढला, दोन पाने माझ्या हातात दिली आणि म्हणाल्या, “पोटाशी धर, वारं लागायचं न्हाई.” युरोपातल्या शर्यतींमध्ये सायकलपटू डोंगरमाथ्यावर वर्तमानपत्र घेऊन जर्सीच्या आत सरकवत आले आहेत, हे मला पुढे कळले, आजींना ते कोणी सांगितले असेल असे वाटत नाही. मी ती पाने जर्सीत उभी सरकवली, झिप गळ्यापर्यंत ओढली आणि गोळेवाडीपर्यंत छाती उबदार ठेवून उतरले. घरी आल्यावर पोटावर छोट्या जाहिरातींची शाई उलटी उमटली होती, ती दोन आंघोळींनंतर गेली.

आता ज्या कपड्याविषयी कोणी मोकळेपणाने बोलत नाही, त्याकडे वळते. पॅड असलेली सायकलची शॉर्ट मी घेतली, तेव्हा दुकानातल्या मुलाने तिचा रंग, शिवण, किंमत हे सगळे सांगितले. फक्त तिच्या आत अंतर्वस्त्र घालायचे नसते, एवढेच सांगायला तो लाजला. त्या लाजेपायी मी सहा महिने जांघा सोलून घेतल्या. पॅड त्वचेला थेट लागण्यासाठीच शिवलेले असते, त्याला मध्ये शिवण नसते, आणि आपण मध्ये सुती कापड आणि त्याच्या कडांचे इलॅस्टिक घातले की घाम आणि घर्षण नेमके त्या कडांवर साचते. लांब पल्ल्याच्या दिवशी मी घर्षणाच्या जागी व्हॅसलिन लावते. परत आल्यावर तीच शॉर्ट घालून मिसळ खायला बसण्याची हौस मी सोडली आहे, कारण ओलसर पॅडमध्ये तासभर बसले की फोड येणारच. आल्या आल्या ती उतरवायची, उलटी करून धुवायची आणि पॅडची बाजू हवेला ठेवून वाळवायची. कपडे मऊ करणारे द्रावण तिला लावू नये, कारण त्याचा थर धाग्यांवर बसतो आणि घाम खेचून घेण्याचा गुणच जातो.

खांद्यावर पट्टे असलेली बिब शॉर्ट पोटाला आवळत नाही, म्हणून पुरुष मंडळी तिची फार स्तुती करतात. ती स्तुती खरी आहे, पण पानशेतच्या रस्त्यावर झाडाआड जायची वेळ आली, की बाईला आधी जर्सी उतरवावी लागते, हे त्यांच्या ध्यानात येत नाही. मागच्या बाजूने उघडणाऱ्या बिब आता मिळतात, त्या महाग असतात. मी रुंद कमरपट्ट्याची साधी शॉर्ट घालते. सुरुवातीला लोकांच्या नजरांपायी तिच्यावर ढगळ ट्रॅकपँट चढवत असे. तिची उजवी घडी एकदा साखळीत अडकून फाटली, आणि नजरांचा प्रश्न त्या दिवशी सुटला. माझी आई सत्तरच्या दशकात गोल साडी नेसून याच शहरात सायकलने नोकरीला जात होती. तिच्या लेडीज सायकलला साखळीवर पूर्ण झाकण आणि मागच्या चाकाला जाळी होती. कपडा बदलण्याऐवजी तेव्हा सायकलच बदललेली होती, आणि मला तो विचार अजूनही अधिक शहाणपणाचा वाटतो.

पॅडने सुटत नाही ते दुखणे बहुधा सीटचे असते. मिक्सरच्या खोक्याचा पुठ्ठा पायरीवर ठेवून त्यावर पुढे वाकून दोन मिनिटे बसावे. बैठकीच्या हाडांचे दोन खळगे उमटतात, त्यांच्यातले अंतर मोजावे आणि सीट त्याहून दोनेक सेंटीमीटर रुंद घ्यावी. मऊ गादीची सीट दुकानात सुखाची वाटते आणि तिसाव्या किलोमीटरला वैरीण होते.

उन्हाळ्याबद्दल फार लिहीत नाही, कारण एप्रिल-मेमध्ये साडेआठच्या आत घरी पोहोचणे हाच खरा पोशाख आहे. एवढेच सांगते, की सुती कापडाला वर मी जे दूषण दिले, ते इथे मागे घ्यावे लागते. पुण्याच्या कोरड्या उन्हात पाण्याने भिजवलेला सुती पंचा मानेभोवती गुंडाळला, तर तो सावकाश वाळत गळा गार ठेवतो. हीच युक्ती अलिबागला बहिणीकडे केली, तेव्हा रेवदंड्यापर्यंत पंचा होता तसाच ओला आणि कोमट राहिला. तिथल्या दमट हवेत घामच वाळत नाही, तर पंचा कुठून वाळणार? किनाऱ्यावर कपड्यांपेक्षा वेग कमी ठेवणे, आणि नुसत्या पाण्याऐवजी मीठ-साखर घातलेले लिंबूपाणी पिणे, अधिक उपयोगी पडते.

पावसाळ्यात मात्र माझी समजूत मुळापासून बदलली. मी कोरडे राहायचा प्रयत्न करीत असे. एका जुलैमध्ये ताम्हिणीत मी स्कूटरवर घालायचा जाड रेनकोट घालून गेले. मुळशीच्या पुढे चढावर तो आतून घामाने इतका ओला झाला, की बाहेरचा पाऊस बरा वाटावा. मग वैतागून तो काढला, आणि धुक्यातल्या उतारावर बोटे अशी बधिर झाली, की ब्रेकचा दांडा दाबला जातो आहे की नाही, हे कळेना. एका वळणावर सायकल थांबायची तिथे न थांबता चार हात पुढे, दगडी कठड्यापाशी थांबली. त्यानंतर ठरवले, की भिजायचे आहेच, फक्त गारठायचे नाही. अंगालगत बारीक लोकरीची जर्सी, कारण लोकर ओली असूनही थोडी ऊब राखते. वर पातळ विंडचीटर. हातात पूर्ण बोटांचे मोजे, आणि प्लॅस्टिकच्या पिशवीत बांधलेला त्यांचा कोरडा जोड. हेल्मेटखाली पुढे झाप असलेली टोपी असली की डोळ्यांत थेंब येत नाहीत. पण या सगळ्यापेक्षा मोठे सुख दोन मडगार्ड देतात, कारण पाठीवर चिखलाची रेघ ओढणारे आणि शॉर्ट भिजवणारे पाणी आकाशातून कमी आणि मागच्या चाकावरून जास्त येते. देखण्या सायकलला मडगार्ड शोभत नाही म्हणणाऱ्यांनी जुलैत माझ्या मागून यावे.

बूट भिजले की मी आतला तळ काढून त्यात पेपरचे बोळे कोंबते आणि दोन-तीन तासांनी ते बदलते. संध्याकाळपर्यंत बूट घालण्याजोगे होतात. अशा रीतीने हिवाळ्यात जर्सीत आणि पावसाळ्यात बुटांत आमचा पेपर संपतो. नवऱ्याची अट एकच आहे, शब्दकोड्याचे पान सुटायच्या आधी न्यायचे नाही, आणि तो ते रविवारी दुपारी सोडवतो, म्हणून मी शनिवारचा पेपर नेते.