मामाची नव्वद मिनिटांची टेप

१९८८ च्या मे महिन्यात मामा जहाजावरून उतरला तो थेट आमच्याकडे रत्नागिरीला आला. दर वेळची चॉकलेटं, साबण, आईसाठी कापड हे सगळं होतंच. या खेपेला त्याने माझ्या हातात टीडीके कंपनीची नव्वद मिनिटांची कॅसेट ठेवली. वरच्या पट्टीवर निळ्या पेनने एकच शब्द लिहिला होता: जेनेसिस. गाण्यांची नावं नाहीत, अल्बमचं नाव नाही, गाणारा कोण तेही नाही. जहाजावरच्या एका इंग्लिश इंजिनिअरच्या कॅसेटी होत्या, त्यांवरून दोन कॅसेटींच्या डेकवर भरून घेतलेली. मी तेव्हा नववीत जाणार होते आणि चार वर्षं तबला शिकत होते. "हे मोजून दाखव," एवढंच मामा म्हणाला.

ती टेप मी पुढची आठ वर्षं ऐकली. आज जेनेसिस या इंग्लिश रॉक बँडबद्दल माझी जी काही मतं आहेत, ती त्या टेपने घडवली आहेत, आणि तिच्यात जे नव्हतं त्यानेही तेवढीच घडवली आहेत.

पहिली बाजू सुरू व्हायची ती नुसत्या आवाजाने. कसलीच साथ नाही, तानपुऱ्यासारखा आधारसुद्धा नाही. एक माणूस रिकाम्या खोलीत उभा राहून गातोय असं वाटायचं. मग गिटार हळूच खालून येते, आणि चार-पाच मिनिटांत सगळा बँड तुफान सुटलेला असतो. पुढे एका गाण्यात पियानो असा काही धावायचा की मी मात्रा मोजता मोजता बोटं गमावून बसायचे. दुसऱ्या बाजूचा पहिलाच तुकडा सातचा होता, तो मला दोन दिवसांत सापडला. रूपक तालासारखे सात, फक्त रूपकात समेवर, म्हणजे आवर्तनाच्या पहिल्या मात्रेवर, खाली म्हणजे बिनजोराची जागा असते आणि इथे पहिल्या मात्रेवर ढोल दणकन पडतो. मामाला पत्र लिहून कळवलं होतं मी.

पहिली बाजू संपायची ती मात्र गाणं तोडून. दोन बारा तारांच्या गिटारी पाण्यावर ऊन पडावं तशा वाजत असायच्या, त्यांच्यावर आवाज तरंगत असायचे, आणि मध्येच खट्. टेपरेकॉर्डरचं बटण वर. मला वाटायचं, असेल आता थोडंसंच राहिलेलं, एखादं कडवं.

१९९६ साली नोकरीच्या पहिल्या वर्षात मुंबईला काळा घोड्याच्या ऱ्हिदम हाउसमध्ये मला तो अल्बम सीडीवर मिळाला. 'सेलिंग इंग्लंड बाय द पाउंड', १९७३. मुखपृष्ठ पहिल्यांदाच पाहत होते: बागेतल्या बाकावर झोपलेला माणूस आणि शेजारी गवत कापायचं यंत्र. बेटी स्वॉनविकचं चित्र आहे ते. मूळ चित्रात यंत्र नव्हतं, बँडच्या सांगण्यावरून तिने ते घातलं. त्या रात्री मी वसतिगृहाच्या खोलीत हेडफोन लावून बसले. सातवं गाणं 'द सिनेमा शो' आलं, गिटारी आल्या, आवाज तरंगू लागले, आणि जिथे आठ वर्षं खट् झालं होतं ती जागा निघून गेली. अजून थोडं गाणं झालं. मग गाणारा थांबला, ड्रम्स पुढे सरसावले आणि सात मात्रांचं चक्र सुरू झालं.

ते चक्र चार मिनिटांहून जास्त चालतं. टोनी बँक्स सिंथेसायझरवर एक साधीशी ओळ घेतो, तिला वळवतो, वर चढवतो, दुसरीकडे नेऊन ठेवतो. खाली बेसवाला माइक रुदरफर्ड आणि ड्रमर फिल कॉलिन्स सातचा घाट एकदाही ढिला पडू देत नाहीत. कॉलिन्सचं काम मी तबल्याच्या कानाने ऐकते. तो ठेका धरतो पण एकाच तऱ्हेने धरत नाही. प्रत्येक आवर्तनात कुठेतरी एक बोल बदललेला असतो आणि तरी सम कधी शोधावी लागत नाही. चांगला साथीदार हेच करतो. मी त्या रात्री तो भाग सहा वेळा ऐकला आणि रडले. आठ वर्षं माझ्या उशाशी ते गाणं होतं आणि त्याचा प्राण माझ्याकडे नव्हता.

हिशेब नंतर केला. अल्बम सुमारे ५३ मिनिटांचा, टेपची बाजू ४५ मिनिटांची. दुसऱ्या बाजूवर 'अ ट्रिक ऑफ द टेल' होता, १९७६ चा, तो ५१ मिनिटांचा; म्हणजे त्याचं शेवटचं 'लॉस एंडोस' मला कधी मिळालंच नव्हतं. दोन्ही बाजूंनी नेमका तोच भाग कापला गेला होता, जिथे गाणं थांबतं आणि बँड नुसता वाजवतो.

आता मुद्द्यावर येते. या बँडच्या चाहत्यांमध्ये एक ठरलेली गोष्ट सांगितली जाते. गायक पीटर गेब्रियल होता तोवर जेनेसिस थोर होता, १९७५ मध्ये तो बँड सोडून गेला, ड्रमर गायला लागला आणि उतरण सुरू झाली. माझ्या टेपवर एका बाजूला गेब्रियल होता, दुसऱ्या बाजूला कॉलिन्स, आणि मला हे कोणी सांगितलेलंच नव्हतं. मी दोन्ही बाजू एकाच बँडच्या म्हणून ऐकल्या. आवाज जरा मऊ झालाय एवढं जाणवायचं, पण तसा मऊ आवाज पहिल्या बाजूवरही एका गाण्यात होता. ते 'मोर फूल मी', आणि ते कॉलिन्सनेच गायलेलं आहे. १९७१ च्या 'नर्सरी क्राइम'पासून तो गेब्रियलच्या मागे सूर लावत होताच. त्या अल्बमवरही एक छोटं गाणं त्याचं आहे. गायक बदलला तेव्हा बाहेरून कोणी आणला नाही, घरातलाच आवाज पुढे आला. 'सेलिंग इंग्लंड' आणि 'ट्रिक ऑफ द टेल' दोन्ही ब्रिटनच्या अल्बम-विक्रीच्या यादीत तिसऱ्या क्रमांकापर्यंत गेले. तेव्हाच्या श्रोत्यांनाही दार बंद झाल्यासारखं वाटलं नसावं.

गेब्रियलचं मोल मी कमी करत नाही. १९७२ मध्ये डब्लिनला तो बायकोचा लाल झगा आणि कोल्ह्याचं मुंडकं घालून रंगमंचावर आला, तेव्हापासून त्याचं रूप लोकांच्या डोळ्यांत बसलं. मी ते पाहिलं नाही, मी फक्त ऐकलं. ऐकणाऱ्याला जेनेसिसचा कणा बँक्सच्या स्वरमेळात, म्हणजे कॉर्ड्समध्ये, सापडतो. एका स्वरमेळावरून दुसऱ्यावर जाताना खालचा बेस तसाच धरून ठेवायचा आणि वरचं आभाळ बदलायचं, ही त्याची खूण. खर्ज न हलवता राग उलगडावा तसं. 'फर्थ ऑफ फिफ्थ'चा सुरुवातीचा पियानो घ्या. २/४, १३/१६, १५/१६ अशी मापं बदलत जातात, आणि कान मोजायला बसला नाही तर त्याला ती वळणं कळतही नाहीत, इतकं ते वाहतं. माझी बोटं हरवायची ती इथे. पुढे एक वेगळीच धून आधी गेब्रियलच्या बासरीवर येते आणि मग स्टीव्ह हॅकेटच्या गिटारवर, अगदी संथ. हॅकेट एक स्वर धरतो आणि सोडतच नाही. मींड, म्हणजे स्वरावरून स्वरावर घसरत जाणं, संपून स्वर स्थिर झाल्यावर मैफिलीत जी शांतता पसरते ती मला तिथे मिळते. १९७७ च्या 'सेकंड्स आउट' या मैफिलीच्या ध्वनिमुद्रणात पियानोची सुरुवात गाळलेली आहे, त्यामुळे मला ते अर्धंच वाटतं.

म्हणून माझ्या लेखी या बँडमधली खरी फूट १९७७ ची, हॅकेटने बँड सोडला ती. १९७६ या एकाच वर्षात त्यांनी फेब्रुवारीत 'ट्रिक ऑफ द टेल' आणि डिसेंबरात 'विंड अँड वदरिंग' दिला. हा दुसरा अल्बम मला सगळ्यांत जवळचा आहे. पावसाळ्यात रत्नागिरीच्या घरी दुपारी दिवा लावावा लागतो तसा त्याचा उजेड आहे. 'ब्लड ऑन द रूफटॉप्स' हॅकेटच्या नायलॉनच्या तारांनी सुरू होतं आणि टीव्हीसमोर बसून बातम्यांतलं जग टाळणाऱ्या घराचं चित्र कॉलिन्स इतक्या हळुवारपणे उभं करतो की मला ते त्याचं सर्वांत चांगलं गायन वाटतं. शेवटी शब्दांविना वाजणारे दोन जोडतुकडे, आणि त्यांतून 'आफ्टरग्लो' उगवतं. त्यानंतर हॅकेट गेला, रुदरफर्डने गिटारही सांभाळली, आणि १९७८ च्या अल्बमवर ११ गाणी आली. सुरेख धुना आहेत, पण श्वास घ्यायला जागा नाही. 'फॉलो यू फॉलो मी' मला आवडतं. ते दुसऱ्याच बँडचं गाणं आहे.

मागे जायचं तर 'फॉक्सट्रॉट', १९७२. मामाचा हा सर्वांत आवडता आणि आमचा यावर वाद आहे. 'वॉचर ऑफ द स्काइज'ची मेलोट्रॉन या टेपवर चालणाऱ्या कीबोर्डची सुरुवात भव्य आहे, मान्य. 'सपर्स रेडी' तर २३ मिनिटांचं. त्यातल्या नऊ मात्रांच्या भागात कॉलिन्स आणि रुदरफर्ड नऊचा गाडा ओढत राहतात आणि बँक्स ऑर्गनवर त्यांच्याकडे न बघितल्यासारखा आपला हिशेब मांडतो. मी ते पहिल्यांदा ऐकलं तेव्हा माझ्या गुरुजींची आठवण झाली. लेहरा, म्हणजे तबल्याला साथ देणारी तीच तीच धून, चालू ठेवायला सांगून ते त्यावर भलत्याच लयीत कायदा, म्हणजे ठरावीक बोलांची रचना, सुरू करायचे आणि आम्ही घाबरून जायचो. पण त्या तबकडीच्या पहिल्या बाजूवरची दोन-तीन गाणी कथा सांगण्यात इतकी गुंतलेली आहेत की सूर मागे राहतो. 'सेलिंग इंग्लंड'वरचं 'बॅटल ऑफ एपिंग फॉरेस्ट'ही तसंच, शब्द इतके की वाद्यांना श्वास नाही. माझ्या टेपवर ते मी पुढे ढकलायचे.

'द लॅम्ब लाइज डाउन ऑन ब्रॉडवे', १९७४, दोन तबकड्या. इथे राएल नावाच्या न्यूयॉर्कच्या पोर्टो रिकन पोराची गोष्ट आहे, आणि जवळजवळ सगळे शब्द गेब्रियलचे. पहिली तबकडी मी आदराने आणि प्रेमाने ऐकते. 'कार्पेट क्रॉलर्स'इतकं कमी स्वरांत इतकं मोठं काही त्यांनी पुन्हा केलं नाही. दुसरी तबकडी 'द लामिया'नंतर माझ्या हातून सुटते. गोष्ट पुढे ओढायची म्हणून संगीत चालतंय असं वाटतं.

१९८० च्या 'ड्यूक' या अल्बमसाठी मी कोणाशीही भांडेन. 'टर्न इट ऑन अगेन' रेडिओवर वाजलं, लोक त्यावर नाचले, आणि ते १३ मात्रांचं आहे. अवघड ताल सोपा करून लोकांच्या पायात उतरवणं हे लहान काम नाही. शेवटच्या दोन तुकड्यांत सुरुवातीच्या धुना परत येतात तेव्हा तीन माणसं पाच असल्यासारखी वाजतात. त्यापुढचं मी फारसं ऐकत नाही. १९८६ च्या 'इन्व्हिजिबल टच'वरचं 'डॉमिनो' आणि १९८३ च्या अल्बमवरचं 'होम बाय द सी' अपवाद.

गेल्या दिवाळीत रत्नागिरीला गेले होते. मामा आता चौऱ्याहत्तरचा आहे, उजव्या कानाने कमी ऐकतो. मी माझे हेडफोन त्याच्या कानावर नीट बसवले आणि फोनवर 'द सिनेमा शो' लावलं, पहिल्यापासून. गिटारी आल्या तेव्हा तो हसला, हे ओळखीचं होतं. सातचा भाग सुरू झाला तसा त्याचा चेहरा बदलला. खुर्चीच्या हातावर त्याची बोटं चालायला लागली. चौथ्या आवर्तनाला सम बरोबर पकडली.

संपल्यावर मी त्याला टेपचं सांगितलं. इतकी वर्षं कधी सांगितलंच नव्हतं, त्याला वाईट वाटेल म्हणून.

"मी शेवटची बाजू लावून वॉचवर, ड्युटीवर, गेलो होतो गो," तो म्हणाला. "परत आलो तर डेक बंद झालेला. मला वाटलं, आलं सगळं."

मग थोडा वेळ गप्प बसला आणि म्हणाला, "दुसऱ्या बाजूचं काय राहिलं होतं? तेही लाव."

मी 'लॉस एंडोस' लावलं. त्यात दुसऱ्या बाजूच्या पहिल्या गाण्याची धून परत येते, आणि अगदी शेवटी, सगळं विरत जाताना, कॉलिन्स 'सपर्स रेडी'मधली एक ओळ पुसट आवाजात म्हणतो, बँड सोडून गेलेल्या मित्रासाठी. मामाने डोळे मिटले होते. ती ओळ आली तेव्हा त्याने डावा हेडफोन हाताने कानाशी घट्ट दाबून धरला.