तुम्ही विचारलंत म्हणून: कुळागरासाठी बंदूक घ्यावी का?

काजू मोहरायला लागला की गोव्यातल्या सत्तरी, सांगे, काणकोणकडून हा प्रश्न येतोच. ‘आमच्या आजोबांकडे बंदूक होती, तेव्हा तिचा खर्च कोणाला जाणवत नव्हता. आता दुकानात विचारलं तर आकडा ऐकून मागे फिरावं लागतं. एवढी महाग का झाली? आणि रानडुकरं, खेती (माकडं), गवे यांच्यापासून कुळागर (सुपारी-नारळाची बाग) राखायला ती घेऊन परवडते का?’

आधी महागाईचं बघू. १९८० च्या दशकाच्या मध्यात सामान्य परवानाधारकाला परदेशातून बंदूक आणायची वाट बंद झाली. नामवंत नेमबाजांना सवलत आहे, बागायतदाराला नाही. त्यामुळे तेव्हा देशात जेवढ्या इंग्लिश आणि बेल्जियन बंदुका होत्या, त्याच आजवर या परवान्यावरून त्या परवान्यावर फिरत आहेत. वेब्ली अँड स्कॉट किंवा ग्रीनर असं नाव नळीवर कोरलेलं असलं की विकणारा त्या नावाचे पैसे मागतो. बंदूक चालते कशी, हा प्रश्न नंतरचा. नवी घ्यायची तर सरकारी कारखान्यांची ३१५ बोअर रायफल आणि १२ बोअर बंदूक, नाहीतर परवाना असलेल्या देशी कारखानदारांच्या १२ बोअर, एवढ्यावर बहुतेकांची निवड संपते. ऑक्टोबर २०२१ मध्ये हे सरकारी कारखाने चालवणारं ऑर्डनन्स फॅक्टरी बोर्ड मोडून सात कंपन्या झाल्या. बंदुका कानपूरच्या कंपनीकडे गेल्या, काडतुसं खडकीच्या. गिऱ्हाइकापुढचा पर्याय काही त्याने वाढला नाही.

एक उलटी गोष्टही घडली. शस्त्र कायद्याच्या डिसेंबर २०१९ च्या दुरुस्तीने माणशी तीनऐवजी दोनच बंदुका ठेवता येऊ लागल्या आणि तिसरी वर्षभरात जमा करणं किंवा विकणं भाग पडलं. साध्या, नाव नसलेल्या जुन्या १२ बोअर त्यामुळे बाजारात उतरल्या. म्हणून ‘बंदुका महागल्या’ हे सरसकट खरं नाही. रायफल महागली, नावाची बंदूक महागली, काडतूस महागलं. जुनी एकनळी १२ बोअर अजून आवाक्यात मिळू शकते.

रायफलीचा विषय इथेच संपवतो. पिकासाठी कायदा रायफल देतच नाही. शस्त्र कायद्याचं १३ वं कलम पीकरक्षणासाठी ठासणीची बंदूक म्हणतं. ती पुरी पडत नाही असं अधिकाऱ्याला पटलं तर गुळगुळीत नळीची दुसरी बंदूक, म्हणजे १२ बोअरसारखी. आणि ते बरोबरच आहे. रायफलीची गोळी किलोमीटरच्या वर जाते. आपल्याकडे कुळागराच्या पलीकडे ओहोळ, ओहोळापलीकडे कोणाचं तरी अंगण.

आता जुनी १२ बोअर बघायला गेलात तर घाई करू नका. आधी दोन्ही चेंबर (नळीत काडतूस बसतं ती जागा) रिकामे आहेत हे स्वतः बघा, दुकानदाराच्या शब्दावर नको. मग पुढचं लाकूड काढा, नळी जोडलेलीच ठेवून बंदूक दस्त्याला धरून हलकेच हलवा. सांध्यात खडखड जाणवली तर बिजागरीचा खिळा झिजलाय. बंद केलेल्या बंदुकीचा मागचा भाग उजेडासमोर धरा. नळी आणि पाठीमागची पोलादी भिंत यांच्यामध्ये उजेडाची रेघ दिसली तर ती बंदूक खाली ठेवा. आवळून देतो म्हणणारे भेटतील, पण पत्रा ठोकून बसवलेला सांधा पन्नास बारांत परत सुटतो. मग नळी वेगळी करा, खालच्या आकड्याला बोटावर टांगा आणि नखाने टिचकी मारा. बारीक घंटेसारखा नाद आला तर जोड शाबूत. ठप्प असा आवाज आला तर दोन नळ्यांमधली पट्टी सुटलेली आहे, आणि आत पावसाचं पाणी जाऊन बसलेलं असतं.

नळीतून आकाशाकडे बघा. उजेडाची वर्तुळं एकात एक नीट दिसली पाहिजेत. एखादं वर्तुळ लंबगोल दिसलं तर तिथे नळी फुगलेली आहे, बहुधा तोंडात चिखल किंवा चिंधी अडकलेली असताना बार काढल्यामुळे. काळे ठिपके पुसून गेले तर मळ, राहिले तर गंजाचे खड्डे. चेंबरजवळच्या खड्ड्यांना माफी नाही, कारण दाब तिथेच सर्वांत जास्त असतो.

इंग्लिश बंदुकीत अजून एक पेच असतो. पुष्कळशा जुन्या बंदुकांचं चेंबर अडीच इंची, म्हणजे ६५ मिलिमीटरचं असतं. आजचं ७० मिलिमीटरचं काडतूस त्यात सहज बसतं, म्हणूनच फसायला होतं. ती लांबी उडालेल्या काडतुसाची असते. बंद काडतूस आखूड असतं. बार उडताना त्याचं तोंड उघडायला जागा मिळत नाही, ते नळीच्या अरुंद भागात उघडतं आणि दाब चढतो. नळीच्या खालच्या अंगावर चेंबरची लांबी आणि ‘नायट्रो प्रूफ’ किंवा ‘बीएनपी’ असा, म्हणजे आजच्या बिनधुराच्या दारूसाठी नळी तपासल्याचा, शिक्का शोधा. शिक्का नाही आणि नळीवर लाटांसारखी नक्षी आहे, म्हणजे दमास्कस नळी, तर आजचं काडतूस तिच्यात घालू नका. भिंतीवर छान दिसते ती, पण भिंतीवर लावायलाही परवाना लागतो.

घेतलीत समजा. खर्च इथून पुढे सुरू होतो, आणि गोव्यात तो पाऊस वाढवतो. जून ते सप्टेंबर घरात ठेवलेली बंदूक पंधरा दिवसांत तांबूस ठिपके धरते. सर्वांत जास्त नुकसान करतं ते चामड्याचं किंवा कॅनव्हासचं कव्हर. ते ओल शोषतं आणि नळीला चिकटून बसतं. कव्हर प्रवासापुरतं ठेवा. घरी कुलुपाच्या लोखंडी पेटीत, नळीचं तोंड खाली करून उभी ठेवा, म्हणजे तेल दस्त्याच्या लाकडात उतरून ते मऊ पडत नाही. सिलिका जेलची पिशवी ठेवा आणि महिन्याने ती तव्यावर सुकवून घ्या, नाहीतर ती नुसती पिशवी. खोबरेल लावणारे पुष्कळ आहेत. कृपा करून लावू नका. ते काही महिन्यांत चिकट होऊन चापाच्या यंत्रणेत गोंदासारखं बसतं. ठासणीची बंदूक तर बारानंतर त्याच दिवशी कडक गरम पाण्याने धुवावी लागते. काळ्या दारूची राख हवेतली ओल ओढते, आणि नुसत्या तेलाने ती निघत नाही, तेलाखाली गंज धरते.

काडतुसांचंही तसंच. प्लॅस्टिकच्या काडतुसाचं अंग शाबूत दिसतं, पण पितळी टोपीवर हिरवट बुरा आला की ते चेंबरमध्ये अडकतं. परवान्यावर लिहिलेल्या आकड्यापेक्षा जास्त घेता येत नाहीत, आणि ओल लागलेली फुकट जातात. तेव्हा हंगामाला लागतील तेवढीच घ्या, हवाबंद डब्यात ठेवा, डब्यावर खरेदीचं वर्ष लिहा.

कागदांचा खर्च वेगळाच. परवाना पाच वर्षांचा, त्याआधी प्रशिक्षणाचा दाखला, डॉक्टरचा दाखला, पोलीस चौकशी, जिल्हाधिकारी कार्यालयाच्या खेपा. त्यात निवडणूक आली की बंदूक पोलीस ठाण्यात जमा करायचा आदेश निघतो. तारखा आठवून बघा: विधानसभेचं मतदान ४ फेब्रुवारी २०१७ आणि १४ फेब्रुवारी २०२२, लोकसभेचं २३ एप्रिल २०१९ आणि ७ मे २०२४. सगळ्या काजूच्या हंगामात. ज्या महिन्यांसाठी बंदूक घेतली, त्याच महिन्यांत ती ठाण्याच्या खोलीत. सूट हवी तर आदेश निघताच छाननी समितीकडे लेखी अर्ज करावा लागतो, नंतर केलेला चालत नाही. जमा करताना तेल लावून, कव्हर काढून द्या आणि पावतीवर नंबर आणि अवस्था लिहून घ्या.

हे सगळं करून बंदुकीने कायद्याने काय करता येतं? १९७२ च्या वन्यजीव कायद्याखाली शिकार बंद आहे आणि पीकरक्षणाचा परवाना म्हणजे मारायची मुभा नव्हे. हा गैरसमज सर्वांत महाग पडतो. रानडुक्कर दुसऱ्या परिशिष्टात आहे; उभ्या पिकाचं नुकसान करतो म्हणून मुख्य वन्यजीव रक्षक लेखी परवानगी देऊ शकतात, ती आधी हातात हवी. गवा, मोर आणि २०२२ च्या दुरुस्तीनंतर आपल्याकडची खेतीसुद्धा पहिल्या परिशिष्टात आहेत. त्यांच्या बाबतीत पिकाचं नुकसान हे कारणच धरलं जात नाही. तिथे शिक्षा तीन ते सात वर्षं कैद आणि किमान २५,००० रुपये दंड. परवाना लागत नाही म्हणून पॉइंट १७७ ची एअरगन खेतींवर चालवणाऱ्यांनाही हेच कलम आहे. तिचा जोर २० जूलच्या आतला म्हणून ती शस्त्र परवान्यातून सुटते, वन्यजीव कायद्यातून नाही.

म्हणजे हातात उरतो तो आवाज. एका बाराला एक काडतूस, आणि डुकरं चौथ्या-पाचव्या रात्री आवाजाला सरावतात. खेती तर बंदूक हातात घेतलेला माणूस आणि काठी घेतलेला माणूस यांतला फरक ओळखतात, असं बागायतदार सांगतात. विश्वास ठेवावा की नाही ते तुम्ही ठरवा.

त्या पैशांत डुकरांसाठी सौर कुंपण जास्त काम देतं, पण तेही नीट घातलं तर. खालची तार जमिनीपासून २० सेंटिमीटरवर, वरच्या २५-३० च्या अंतराने. गव्यांसाठी वरची तार दीड मीटरच्या आसपास. आपल्याकडे कुंपण फसतं ते अर्थिंगमुळे. जांभ्यात मार्च-एप्रिलला ओल राहत नाही, करंट जमिनीतून परत येत नाही आणि डुक्कर तारेखालून आरामात निघून जातं. सहा फुटी तीन सळया, एकमेकींपासून तीन मीटरवर, शिंपण्याचं पाणी पडतं अशा जागी ठोका. तरीही टेस्टर पाच हजार व्होल्टच्या खाली दाखवत असेल तर एक तार अर्थिंगची म्हणून फिरवा. पावसात गवत तारेला टेकलं की बॅटरी रातोरात उतरते. घरची वीज तारेत सोडायचा विचारही नको, त्यात माणसं गेली आहेत. अनुदानाचं विभागीय कृषी कार्यालयात कृषी कार्ड घेऊन खरेदीच्या आधी विचारा. खेतींना कुंपण अडवत नाही, त्या माडावरून येतात. कुंपणावर आलेल्या फांद्या तोडल्या तर निदान वाट लांब पडते.

आणि आजोबांची ती बंदूक अजून माळ्यावर असेल तर? परवानाधारक गेल्यावर ती तशीच घरात ठेवणं गुन्हा आहे. आधी पोलीस ठाण्यात किंवा परवानाधारक विक्रेत्याकडे जमा करा, मग वारसांपैकी एकाच्या नावे अर्ज, बाकीच्यांची ना-हरकत जोडून. आजोबा हयात असतील तर थांबायची गरज नाही. वयाची ७० वर्षं किंवा बंदूक बाळगून २५ वर्षं, यांतलं जे आधी होईल त्यानंतर वारसाच्या नावे करता येते. नळीवरचा नंबर आणि परवान्यावरचा नंबर मात्र आधी ताडून बघा. जुन्या पुस्तिकांत हाताने उतरवलेला एखादा आकडा चुकलेला सापडतो, आणि तो दुरुस्त झाल्याशिवाय पुढचा कागद हलत नाही.