बीड वितळू द्यायचं नाही

डाळ मिलवाले काका ब्रॅकेट घेऊन आले ते पोत्यात गुंडाळून. बिडाचा, म्हणजे कास्ट आयर्नचा, डाळीची सालं काढणाऱ्या एमरी रोलरच्या बेअरिंगखाली बसणारा. एका बाजूचा बोल्टचा कान तुटलेला, आणि तुटका तुकडा मशीनमध्ये अडकून त्याचा पार चुरा झालेला. "एकदा वेल्डिंग मारून आणलं होतं भाऊ, चार दिवसही नाही टिकलं. मशीन जुनी, स्पेअर भेटत नाही. मिल बंद पडून राहिली आहे. पाहा, जमते का."

आधीच्या वेल्डिंगचा मणी, म्हणजे वितळून थिजलेल्या धातूची रेघ, अजून जागेवर होता. साध्या रॉडचा, दिसायला चांगला. तडा मण्यात नव्हताच, मण्याला खेटून बिडात गेला होता. मी कानस घेऊन मण्याच्या कडेला फिरवली, तर काचेवरून जावी तशी सरकली. एक कीस निघाला नाही. अर्धा इंच पलीकडे तीच कानस कचकन चावली आणि काळी भुकटी पडली. काकांच्या हातात कानस दिली, त्यांनीही दोन्हीकडे घासून पाहिलं. "काहून असं?"

बिडात कार्बन तीन टक्क्यांच्या आसपास किंवा वर असतो. बहुतेक ग्राफाइटच्या पापुद्र्यांच्या रूपात, म्हणून तर भुकटी काळी. पण बीड वितळून झटकन गार झालं की त्या कार्बनला ग्राफाइट व्हायला वेळच मिळत नाही. त्याचं कार्बाइड होतं आणि मण्याच्या कडेला पांढऱ्या बिडाची पट्टी तयार होते. कठीण, ठिसूळ, ड्रिललाही दाद न देणारी. मशीन थरथरली की पहिली तीच फुटते.

म्हणून बीड वितळवायचंच नाही, असं ठरवलं. नवा कान एमएसच्या, म्हणजे साध्या पोलादाच्या प्लेटमधून कापायचा आणि सिलिकॉन ब्राँझच्या तारेनं टिगवर (टंगस्टनच्या टोकाचा आर्क, भोवती आरगॉन गॅस) ब्रेझ करायचा, म्हणजे फक्त तार वितळवून जोडायचा. ही तार म्हणजे तांब्यात साधारण तीन टक्के सिलिकॉन. ती हजार अंशांच्या आसपास वितळते, बीड साडेअकराशेच्या पुढे, एमएस पंधराशेच्या जवळ. म्हणजे तार आणि बीड यांच्यात दीडशे अंशांची फट. सगळं काम त्या फटीत करायचं.

गॅस, पितळी रॉड आणि सुहागा हा जुना मार्ग आहे आणि मी त्याला नावं ठेवत नाही. पण त्यात अख्खा ब्रॅकेट तापतो आणि इथं बेअरिंग बसायचं भोक शेजारीच होतं. तेच पितळ टिगवर चालवावं तर त्यातलं जस्त ९०७ अंशांनाच उकळतं. पांढरा धूर छातीत जातो, टंगस्टन घाण होतं ते वेगळंच. निकेलचा रॉड चालला असता, पण त्यातही बिडाची कड वितळतेच, आणि रॉडची किंमत ऐकून काका मागे सरकले.

खरा वेळ गेला सफाईत. जुना मणी पांढऱ्या पट्टीसकट काढला. ग्राइंडर मोठ्या कामापुरताच, कारण त्यानं ग्राफाइट पृष्ठभागावर सारवलं जातं आणि मग ब्राँझ तिथं धरत नाही. शेवटचा हात कार्बाइड बरनं (फिरत्या दातेरी टोकानं) आणि कानशीनं मारला. मग तेल. वर्षानुवर्षं ग्रीस प्यालेलं बीड, गॅसची मंद ज्योत दाखवली तर छिद्राछिद्रातून काळा घाम फुटायला लागला. पुसायचं, तापवायचं, पुन्हा पुसायचं. आमचा पोऱ्या कंटाळून म्हणाला, "दादा, हे तर संपूनच नाही राहिलं!" कापड कोरं निघेपर्यंत त्याला सोडलं नाही.

नवतपा, उन्हाळ्यातले भाजून काढणारे नऊ दिवस, चालू होता. टिगच्या कामाला कूलर बंद करावा लागतो, झुळूक लागली की आरगॉन उडतो. हिंगणा एमआयडीसीतल्या पत्र्याच्या शेडमध्ये अंगात जाड शर्ट, हातात मोजे, समोर दोनशे अंशांना तापवलेला ब्रॅकेट. जास्त सांगत नाही.

डीसी, टंगस्टन निगेटिव्हला, करंट सव्वाशे अँपिअरच्या आत-बाहेर. आधी फक्त बिडाच्या तोंडावर ब्राँझचा एक थर. आर्क बिडावर धरायचा नाही, ब्राँझच्या थेंबावर धरायचा. काचेतून दिसतं ते असं: थेंब आधी गोळी होऊन उभा राहतो, हलतही नाही. क्षणभरानं त्याची कड एकदम पातळ होते आणि तो पसरतो. तेवढंच हवं असतं. त्यानंतरही आर्क तिथंच ठेवला तर खालचं बीड चकाकायला लागतं, म्हणजे करंटच्या पेडलवरचा पाय सैल करायची वेळ झाली. तो थर बसल्यावर एमएसचा कान क्लँपमध्ये धरला आणि टॉर्च लोखंडाकडे झुकवून मण्याचे बोटभर लांबीचे तुकडे टाकत गेलो, प्रत्येकावर हातोडीचे हलके ठोके. मग ब्रॅकेट कोरड्या राखेच्या डब्यात पुरला.

"आता लावून टाकू ना?" काका.

"उद्या सकाळी."

सकाळी तडे दाखवणारा लाल डाय मारून पुसला, वर पांढरा डेव्हलपर फवारला. एकही लाल रेघ उमटली नाही. कडेला कानस फिरवली, चावली. काका मात्र सोनेरी रेघेकडे संशयानं पाहत होते. "पितळ लावलं काय? हे वजन घेते?" त्यांना सांगितलं, बिडाची एफजी २०० ही चालू जात धरली तर ताणाला दोनशे न्यूटन प्रति चौरस मिलिमीटर, ब्राँझचा मणी साडेतीनशेच्या घरात. हा भाग लालबुंद तापणारा असता तर मी हात लावला नसता, पण डाळीच्या मशीनमध्ये तसं काही नाही.

बिलावर घासाघीस झालीच. "इतकीशी तर तार लागली!" मी तेलानं माखलेल्या फडक्यांचा ढीग दाखवला. शिवाय ब्रॅकेटची मापं कागदावर काढून दिली, फाउंड्रीतून नवीन ओतून घ्या म्हणून. कागद त्यांनी खिशात घातला आणि गाडीच्या डिकीतून दुसऱ्या बाजूचा ब्रॅकेट काढला. त्याच्या कानाच्या मुळाशी केसाएवढी चीर होती.